गाडीत मीठ पिकलं : पनवेल ते कसौली, भर थंडीत

माझी नात मनवा येत्या जानेवारीत गाडी घेऊन स्पितीला निघाली आहे. गेला महिनाभर घरात दुसरा विषय नाही. कूलंट कुठलं, टायरला साखळ्या घ्यायच्या का, बॅटरी नवी टाकायची का. परवा न राहवून मी म्हटलं, "अगं, आम्ही पनवेलहून कसौलीला गाडी नेली होती, तीसुद्धा अठ्ठावन्न-एकोणसाठ सालच्या हिवाळ्यात. विचार की मला." तिने माझ्याकडे बघितलं, फोन माझ्या हातात दिला आणि म्हणाली, "आजी, माझ्या ब्लॉगवर तूच लिही." तर मंडळी, आजची ही पोस्ट माझी. चुका काढायच्या असतील तर मनवाकडे काढा.

तेव्हा मी सोळा वर्षांची. आमचं घर पनवेलच्या खाडीकाठी, बाबांचं मिठागर जासईच्या बाजूला. घरात आई, बाबा आणि मी. माझी थोरली बहीण शेवंताताई लग्न होऊन गेलेली, आणि गेलेली म्हणजे कुठे, तर थेट कसौलीला, डोंगरावर. आमचे दाजी फौजेत होते. स्थळ बाबांनी पसंत केलेलं. आईच्या मनात मुलगी उरणला द्यायची होती. म्हणजे होडीत बसलं की माहेर. बाबांनी ऐकलं नाही आणि आईने त्यांना ते कधी विसरू दिलं नाही. जेवताना, झोपताना, पाहुण्यांसमोर, एकच पालुपद: "लांब दिलीत." भाताला मीठ कमी पडलं तरी ते ताईला लांब दिल्यामुळेच.

त्या वर्षी ताईला दिवस गेले. आधी दोनदा पोट पडलेलं, त्यामुळे तिथल्या डॉक्टरीणबाईंनी तिला खाटेवरून उठायचीच बंदी केली. बाळंतपणाला माहेरी आणायचा प्रश्नच मिटला. त्यात तिला अन्न जाईना. दाजींनी पनवेलच्या बाजारातल्या एका दुकानात फोन करून निरोप ठेवला: शेवंता काही खात नाही, वाळून गेलीय, नुसतं निवट्यांच्या कालवणाचं नाव काढते.

निवटी माहीत नसेल तर सांगते. ओहोटी लागली की खाडीच्या चिखलात टुणटुण उड्या मारणारा, कपाळावर डोळे असलेला बोटाएवढा मासा. दिसायला ध्यान, पण त्याच्या कालवणापुढे पापलेट झक मारतं. मडक्यात थोडा चिखल आणि खाडीचं पाणी घालून ठेवला की चांगला टिकतो. पण टिकतो म्हणजे पनवेलहून जासईपर्यंत. कसौलीपर्यंत कोण नेणार?

 बाबा ओसरीवरून उठून म्हणाले, गाडी काढू. आई म्हणाली, "तुमी दिलीत, आता तुमीच पोचवा." इतकंच. पण मी तिच्याकडे बघत होते. पोरगी हाताची जाते की काय ही भीती तिच्या तोंडावर अशी होती की मला रडूच आलं.

आगगाडीने का नाही, हे मला आजवर शंभर लोकांनी विचारलंय. आदल्या दिवाळीत आमचे काका ताईसाठी सुकट घेऊन आगगाडीने निघाले होते. भुसावळला डब्यातल्या लोकांनी त्यांना सुकटीसकट उतरवलं. आता तर जिवंत निवट्या, सोडे, सुके बोंबील आणि आईचं ओटीचं सामान. म्हणून गाडी.

आता तयारीचं ऐका, मनवाने खास सांगितलंय. आमची गाडी लढाईनंतरच्या लिलावातली, मागे लाकडी बॉडीची. मिठागराच्या वाऱ्याने तिचा तळ खाऊन टाकलेला, पाय ठेवला की खालचा रस्ता दिसायचा. गॅरेजवाल्याने पत्रा मारायला आठवडा सांगितला. बाबांनी गाडी सरळ करंज्याला नेली आणि होड्या बांधणाऱ्या सुताराकडून सागाच्या फळ्यांचा तळ बसवून घेतला. त्याने सवयीने फटीत कापूस ठोकला, वरून राळ ओतली. मग लाकूड कुजू नये म्हणून होडीला चोपडतात तसं माशाचं तेल खालून चोपडलं. खिडक्यांना शिडाचं कापड लावलं. निघताना नवी होडी पाण्यात लोटतात तसा तिच्या नाकावर नारळ फोडला. थंडीसाठी गाडी अशी सज्ज केलेली दुसरी कुणी पाहिली असेल तर मला जरूर कळवा.

इंजिनाचं काम हुसेनचाचांकडे. ते पनवेलचे मिस्त्री, बाबांचे जुने दोस्त. पट्टे बदलले, कमानी बघितल्या, जास्तीच्या ट्यूबा दिल्या आणि शेवटी रेडिएटरवर हात ठेवून बजावलं: वर डोंगरात पाणी गोठतं, गोठलं की फुगतं आणि हे फुटतं. तेव्हा रोज संध्याकाळी पाणी काढून टाकायचं, सकाळी कोमट भरायचं. भुललात तर गाडी तिथेच दफन.

झालं. बाबांच्या डोक्यात ते घुसलं. रात्री घरात चर्चा. बाबा म्हणाले, पाण्यात मीठ घातलं की गोठत नाही. आमचे तुकाराममामा, म्हणजे आईचे भाऊ, मिठाचा ट्रक पुण्याला न्यायचे आणि आमची गाडी तेच चालवणार होते. ते म्हणाले, असं कसं, कुल्फीवाला तर मीठ घालूनच कुल्फी गोठवतो. यावर बाबांनी ठेवणीतला पुरावा काढला.

"आपल्या मिठागरात कवा पानी गोठलाय? सांग ना."

मी म्हटलं, बाबा, पनवेलमध्ये कुणाचंच पाणी कधी गोठलेलं नाही. मला झोपायला पाठवण्यात आलं. विषय तिथेच संपला असं आम्हा सगळ्यांना वाटलं.

निघालो पहाटे. पुढे मामा आणि बाबा, मागे आई, मी, गोधड्या, आणि माझ्या मांडीवर निवट्यांचं मडकं. दोन पत्र्याचे डबे होते. एकात खाडीचं पाणी, मडक्यात बदलायला. दुसराही त्याचसाठी असावा असं आईला आणि मला वाटलं. बाबा त्यावर पाय ठेवून बसले होते.

मुंब्रा, ठाणे करून आग्रा रोड धरला. कसाऱ्याचा घाट गाडी कुरकुर न करता चढली. पहिला मुक्काम नाशिक, दुसरा धुळ्याच्या पुढे एका कापसाच्या जिनिंगच्या आवारात. धुळ्याकडे ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी आणि वांग्याचं भरीत जरूर खा, आम्ही दोन्ही वेळा तेच खाल्लं. मामांना सगळीकडे ओळखीचे ट्रकवाले भेटत आणि त्यांच्या ओळखीने अंग टाकायला जागा मिळे, त्यामुळे हॉटेलची चौकशी मला करू नका.

खरी गंमत सेंधवा ओलांडल्यावर सुरू झाली. माशाचं तेल! ऊन तापलं की गाडीचा तळ असा काही घमघमायचा की गावागावातली कुत्री मागे लागायची. इंदुरात आम्ही पोहे-जिलेबी खायला थांबलो, तर परत येईपर्यंत गाडीखाली अख्खी पंगत बसलेली. मामांनी हॉर्न वाजवला, कुणी हललं नाही. शेवटी आईने एक सुका बोंबील लांब भिरकावला तेव्हा वाट मोकळी झाली. बाबांना जिलेबी आवडली पण सकाळी सकाळी गोड खाणाऱ्या माणसांबद्दल त्यांना काळजी वाटत राहिली.

शिवपुरीच्या पुढे दरोडेखोरांचं भय. चौकीवर पोलिसांनी ट्रकांचा तांडा करून सोडलं. आम्हाला मधे घालायचं ठरलं होतं, पण आमच्या मागे राहायला एकही ट्रकवाला तयार होईना. एक-दोघांनी चुलत्यासारखं समजावून सांगितलं की बाई, जीव धोक्यात घालू, पण हा वास नको. तेव्हा आम्हीच शेवटी. दरोडेखोर काही आले नाहीत. मामांचं म्हणणं, आले असतील, वाऱ्याच्या दिशेने परत गेले. चंबळ होड्यांच्या तरत्या पुलावरून ओलांडली. होड्यांवर फळ्या टाकलेल्या, गाडी चढली की पूल डुलायचा, आणि आमच्या गाडीचा तळही होडीचाच. आई मात्र तिथे पहिल्यांदा निवांत दिसली.

आग्र्याला ताजमहाल पाहिला. बाबांना दगड चांगला वाटला. माझं अर्धं लक्ष मडक्यात होतं. रात्री थंडी वाढत चाललेली, निवट्या मंदावल्या होत्या. काही मेल्या, त्या आईने निमूट बाहेर काढल्या. दिल्लीपासून ती मडकं गोधडीत गुंडाळून स्वतःच्या पोटाशी धरून बसायला लागली. कुणी बोलायला गेलं तर नुसती मान हलवायची. ताईने तोंडाला चव यावी म्हणून मागितलेली ती एकच गोष्ट होती, आणि ती आमच्या डोळ्यांसमोर गार पडत होती.

कर्नाळच्या... नाही, कर्नाळा आमच्या पनवेलचा. हे कर्नाल. तिथे मुळ्याचे पराठे आणि पांढरं लोणी खाल्लं. अंबाल्याला मुक्काम केला तेव्हा तोंडातून वाफ निघत होती. मामांनी चाचांच्या सांगण्याप्रमाणे संध्याकाळी रेडिएटरचं पाणी काढून टाकलं. सकाळी उठून भरायला गेले तर बाबा हात पुसत उभे. म्हणाले, मी भरलं. मामांना बरं वाटलं. भावजींनी कधी नव्हे ते गाडीला हात लावला म्हणून त्यांनी कौतुकही केलं.

कालका सोडलं आणि चढ लागला. चीडाची म्हणजे पाइनची झाडं, खोल दरी, आणि हवा अशी गार, स्वच्छ की कान दुखावेत. मी शिडाच्या कापडातून डोकं बाहेर काढून बसले होते. बर्फ अजून दिसला नव्हता पण मला तो प्रत्येक वळणावर दिसायचा. थोडं चढलो आणि गाडी तापली. मामा चक्रावले, एवढ्या गारठ्यात तापायचं काय कारण? झाकण उघडलं, वाफ गेली. बाबांनी लगबगीने आपला डबा आणून पाणी ओतलं. पुढे पुन्हा तापली. बाबांनी पुन्हा डबा आणला. धरमपूरच्या पुढे, कसौलीच्या फाट्याला वळलो आणि गाडी एकदा खोकून बसली ती बसलीच.

खाली उतरून बघतो तर गाडीचं नाक पांढरं. रेडिएटरच्या जाळीवर, सांध्यांतून ओघळून, वाळून, चक्क खडे धरलेले. मला वाटलं बर्फ. मी आनंदाने ओरडणार, तेवढ्यात मामांनी बोट लावलं, जिभेवर टेकवलं आणि बाबांकडे वळले.

"भावजी, यो डबा कुटला हाय?"

 डबा खाडीचा नव्हताच. तो मिठागरातल्या शेवटच्या खाचराचा होता, जिथे पाणी मीठ धरायच्या बेतात आलेलं असतं तिथला. ज्या माणसाच्या गाडीचा तळ मिठाने खाल्ला, दाराच्या कड्या खाल्ल्या, छपराचे खिळे खाल्ले, त्या माणसाने आपल्या हाताने ते इंजिनात ओतलं होतं. वाफ होऊन पाणी गेलं, मीठ राहिलं. मिठागरात होतं तेच झालं. बाबा पुढे झाले, एक खडा तोडला, चाखला. सवय हो, दुसरं काय.

"मीठ चोख हाय," ते हळूच म्हणाले.

आईचा पारा असा चढला की बोलायची सोय नाही. ती मडकं घेऊन रस्त्याच्या कडेला दगडावर बसली होती. तिथूनच म्हणाली की लेक चार मैलांवर असताना गाडी मारलीत, आता हे कालवण काय दगडाला खायला घालू? लांब दिलीत, आणि पोचवणंही नशिबी ठेवलं नाहीत.

आणि मग आमचे बाबा, ज्यांना मी आजीच्या मयतीलासुद्धा रडताना पाहिलं नव्हतं, ते तिथे रस्त्यावर मटकन बसले.

"मना वाटला पानी गोठंल, गाडी फुटंल. मंग पोरीपरत पोचनार कसा? तू रोज बोलतंस, लांब दिली, लांब दिली. मना काय ठावं नाय काय? मीच दिली ना."

 वरून एक खेचरवाला गेला, तो नाकाला फडकं लावून गेला.

आई उठली. मडकं आधी गाडीच्या तापलेल्या बॉनेटवर नेऊन ठेवलं, गोधडीसकट, आणि मला म्हणाली, हात लावून बस, जास्त गरम झालं की उचल. मग मामांना विचारलं, काय लागेल ते सांग. मामांनी सांगितलं की गोडं पाणी लागेल, गरम, भरपूर, मीठ विरघळून निघेस्तोवर. आणि सांधे गळतायत त्याला ट्रकवाले हळद घालतात. हळद फुगून भोकात बसते. पण इथे डोंगरात हळद कुठली?

आईने ओटीचं गाठोडं सोडलं. हिरवं लुगडं, बांगड्या, खण, नारळ, आणि घरी जात्यावर दळलेली हळद, ताईच्या ओटीसाठी वेगळी बांधून आणलेली. तिने हळदीकडे क्षणभर बघितलं. चिमूटभर पदराच्या टोकाला बांधली आणि बाकीची पुरचुंडी बाबांच्या हातात दिली.

"आधी गाडीची ओटी भरा."

बाबांनी तोंड वर करून बघितलं, तर आई हसत होती. डोळ्यांत पाणी आणि तोंडावर हसू. ताईच्या लग्नानंतर बाबांकडे बघून ती हसलेली मी तरी पाहिली नव्हती.

मग काय विचारता! वळणावर चहाची टपरी होती, त्या म्हाताऱ्याने आपलं मोठं भगोणं चुलीवर चढवलं. बाबा झऱ्यावरून पाणी आणत होते, उतारावरून खाली, चढावरून वर, धापा टाकत, पण थांबायला तयार नाहीत. भरायचं, हलवायचं, काढायचं, मामा चाखून बघायचे आणि म्हणायचे, अजून खारट. टपरीवाल्याला हा काय प्रकार चाललाय ते कळेना. पाणी गोडं लागल्यावर हळद घातली. इंजिन सुरू केलं तेव्हा गाडीच्या नाकातून पिवळे ओघळ आले, थोडे कमी झाले, थांबले. नवरी मुलगी दिसत होती आमची गाडी. तशीच ती हळद लावून, रांगत रांगत, ऊन कलायच्या आत कसौलीला पोचली.

ताई खाटेवर होती. गालफडं बसलेली, हाताच्या बांगड्या कोपरापर्यंत सरकायच्या. आम्हाला बघून ती रडली नाही, आधी तिने हुंगलं. माशाचं तेल! मग म्हणाली, बाबा आले वाटतं. आईने मडकं तिच्यापुढे धरलं. बॉनेटच्या उबेने निवट्या चांगल्या तरतरीत झाल्या होत्या, एकीने उडी मारून सरळ लष्करी चादरीवर मुक्काम केला.

आईने चुलीवर कालवण केलं, चिंच घालून, जाडसर. ताईने पहिला घास घेतला तेव्हा आम्ही सगळे तिच्या तोंडाकडे बघत होतो, दाजीसुद्धा. बाबा आत आलेच नाहीत, दाराच्या चौकटीला धरून उभे. ताईने गिळलं. थांबली. पुन्हा घास कालवला. भात संपवून तिने ताटली पुढे केली.

"आये, अजून घाल."

बाबा तिथून निघून गेले आणि गाडी पुसत बसले.

दुसऱ्या दिवशी आईने पदराची गाठ सोडून चिमूटभर हळदीने ताईची ओटी भरली. तेवढी पुरली. सकाळी बर्फही पडला. मला वाटलं होतं तेवढा मऊ नसतो, पण बघायला छान. आई बाळंतपणाला तिथेच राहिली. परतीला मी, मामा आणि बाबा. अंबाल्याला एक जुना रेडिएटर बसवून घेतला, मामांनी रोज संध्याकाळी पाणी काढलं आणि बाबांनी त्या बाजूला फिरकायचं नाही असं ठरलं. आमचा खारावलेला रेडिएटर बाबांनी टाकू दिला नाही, हुसेनचाचांना दाखवायला आणला. चाचांनी आत बघितलं, हुंगलं आणि शांतपणे विचारलं की गाडी चालवली की आत कालवण शिजवलंत? पुढे तो मिठागरावरच्या खोपीत खुंटीला लटकलेला असायचा. बाबा नव्या कामकऱ्यांना तो दाखवून मीठ किती चोख होतं ते सांगायचे. इंजिनाचा उल्लेख करायचे नाहीत.

मनवा, तुझ्यासाठी: कूलंट घाल. निघण्यापूर्वी पट्टे, होज, बॅटरी तपासून घे. हळदीची एक पुडी डॅशबोर्डात ठेव, जुन्या गाडीला चालते, तुझ्या गाडीला नाही, तरी ठेव.

आणि एक गोष्ट. चैत्रात आई आगगाडीने परत आली, ताईला आणि बाळाला घेऊन. मुलगी, गुटगुटीत, तुझी शकूआत्या. बघायला अख्खी आळी ओसरीवर जमली. बाबा कोपऱ्यात बसून होते. एका बाईने बाळाला मांडीवर घेत नेहमीचा प्रश्न विचारला, काय गो, पोरगी लयच लांब दिली ना तुमी?  बाबांनी मान खाली घातली.

आई बाळाचं झबलं सारखं करत म्हणाली, "लांब कुटं? गाडी जाते."